तीन महिन्यांची साखर ‘काठावर’, उपाशीपोटीची मात्र ठीक: ६.५ चा आकडा सगळ्यांना सारखाच लागू होतो का?

वैदर्भी (लेस्टर)

नमस्कार. माझे वय ४३ आहे. माहेर चंद्रपूरचे, गेली चौदा वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. मागच्या महिन्यात इथल्या नेहमीच्या आरोग्य तपासणीत माझे एचबीएवनसी, म्हणजे आपल्याकडे जिला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात ती, ४५ आली. इथे हा आकडा मिलिमोल प्रति मोल या एककात देतात; आपल्याकडच्या टक्क्यांच्या हिशेबात तो ६.३ होतो. इथे ४२ ते ४७ ही मधुमेहाच्या आधीची पायरी मानतात आणि ४८ पासून, म्हणजे ६.५ टक्क्यांपासून, मधुमेह धरतात. त्यानुसार मला पत्र आले आणि आहार-व्यायामाच्या वर्गात माझे नावही घातले गेले. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेतून केलेली माझी उपाशीपोटीची साखर मात्र ५.२, म्हणजे आपल्या हिशेबाने ९४ होती. ती अगदी ठीक आहे, असेच सगळ्यांनी सांगितले.

माझ्या धाकट्या भावाची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. तो चंद्रपूरलाच असतो, वय ३९. दिवाळीच्या सुमारास एका शिबिरात त्याचे एचबीएवनसी ६.२ आले, ‘काठावर आहे, गोड कमी करा’ एवढे सांगून त्याला घरी पाठवले. दोन महिन्यांनी सारखी तहान लागते आणि रात्री तीन-तीनदा उठावे लागते म्हणून तो डॉक्टरांकडे गेला, तेव्हा उपाशीपोटी १३१ आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २१२ निघाली. डॉक्टरांनी मधुमेहाचे निदान केले. एचबीएवनसी तेव्हाही ६.२ च होते.

दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण मला त्या दोन्ही अहवालांत कुठेच दिसल्या नाहीत आणि त्या कोणी विचारल्याही नाहीत. माझे हिमोग्लोबिन ९.६ आहे, पाळीत रक्तस्राव जास्त होतो आणि हे कित्येक वर्षांचे आहे. आणि भावाचा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा ‘एएस पॅटर्न’ आहे, म्हणजे तो वाहक आहे, हे त्याच्या लग्नाआधीच्या तपासणीत कळले होते.

कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय लोकांत रक्तातील साखर सारखी असतानाही हा आकडा वेगवेगळा येतो, असे अलीकडे वाचनात आले. मग ६.५ ही सीमारेषा कोणाच्या रक्तावरून ठरली? आपल्या लोकांसाठी ती वेगळी असायला हवी का? आमच्या वडिलांचा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली कापावा लागला होता, त्यामुळे मला ही गोष्ट हलक्यात घ्यायची नाही, आणि उगाच घाबरायचेही नाही.

सूक्ष्मदर्शी (पुणे)

वैदर्भीताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि गेली वीसेक वर्षे रोज ही तपासणी हाताखालून जाते. तुम्ही दिलेली माहिती नेमकी आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एचबीएवनसी ही साखरेची तपासणी आहे असे आपण म्हणतो खरे, परंतु यंत्र साखर मोजत नाही. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटून राहते; एकूण हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्याला ती चिकटली आहे, एवढेच यंत्र मोजते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, हे त्यामागचे गृहीतक आहे. घरच्या लोणच्यावरून हे चटकन लक्षात येईल. दोन बरण्यांत मीठ-मसाला सारखाच घातला, पण एका बरणीतल्या फोडी आठवडाभरच मुरल्या आणि दुसरीतल्या चार महिने मुरल्या, तर चव सारखी लागणार नाही. आणि नुसती चव पाहून ‘या बरणीत मीठ जास्त पडले’ असे म्हणणे चुकीचे ठरेल. तांबड्या पेशींचेही तसेच आहे. पेशी जितकी जुनी, तितकी तिच्यावर साखर अधिक साठते.

शरीरात लोह कमी असले की नव्या पेशी तयार होण्याचा वेग मंदावतो, रक्तातल्या पेशींचे सरासरी वय वाढते आणि साखर न वाढताही एचबीएवनसी काही दशांशांनी वर सरकते. पेशी अकाली फुटत असतील, नुकताच मोठा रक्तस्राव झाला असेल, बाहेरून रक्त चढवले असेल किंवा मूत्रपिंडाच्या आजारात तांबड्या पेशी वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने चालू असतील, तर उलटे घडते: रक्तात कोवळ्या पेशी जास्त असतात आणि आकडा फसवा कमी येतो. तुमचे हिमोग्लोबिन ९.६ असताना आलेला ६.३ हा आकडा मी तरी एकट्याने वाचणार नाही. आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, करून घ्या. तेही कमी निघाले, तर लोहाचा पूर्ण उपचार झाल्याशिवाय हा आकडा ना तुमच्या बाजूने साक्ष देतो, ना विरुद्ध.

भावाच्या बाबतीत मात्र सगळा दोष सिकलसेलवर टाकण्याची घाई करू नये. एएस पॅटर्नच्या व्यक्तीचा नमुना हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या आमच्या एचपीएलसी यंत्रावर लावला की पडद्यावर आलेख हळूहळू उमटत जातो: आधी बारीक टेकड्या, मग एचबीएवनसीचा छोटा सुळका, त्यानंतर नेहमीच्या हिमोग्लोबिनचा मोठा डोंगर आणि त्याच्याही पलीकडे जवळजवळ तसाच आणखी एक डोंगर. तो सिकल हिमोग्लोबिनचा. वाहकात त्याचे प्रमाण बहुधा ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास असते. तंत्रज्ञाला तो डोंगर स्पष्ट दिसतो, पण रुग्णाच्या हाती जाणाऱ्या कागदावर पुष्कळदा नुसता ‘६.२’ छापला जातो आणि आलेख प्रयोगशाळेतच राहतो. माझ्या व्यवसायातली ही उणीव मला मनापासून खटकते. अहवालासोबत आलेख मागण्याचा रुग्णाला अधिकार आहे आणि भावाने तो जरूर मागावा.

आजची बरीच यंत्रे हा दुसरा डोंगर ओळखून हिशेबातून वगळतात, त्यामुळे मोजण्यातली चूक पुष्कळ कमी झाली आहे. तरीही २०१७ साली अमेरिकेत ४,६२० आफ्रिकन-अमेरिकन व्यक्तींच्या नोंदींवरून जे दिसले ते महत्त्वाचे आहे: रक्तातील साखर सारखी असताना वाहकांचे एचबीएवनसी इतरांपेक्षा सरासरी ०.३ ने कमी होते. तुमच्या भावाच्या ६.२ मध्ये हे ०.३ मिळवले, तर तो बरोबर ६.५ वर येतो. परंतु सरासरीतला फरक एका माणसाच्या आकड्यात असा मिळवता येत नाही. शिवाय ज्यांच्या रक्तात काहीही वेगळे नाही, अशा लोकांतही ग्लुकोजच्या दोन तासांच्या तपासणीत मधुमेह दिसतो आणि एचबीएवनसीत दिसत नाही, असे नेहमी घडते. भावाच्या डॉक्टरांनी निदान साखरेवरून केले ते योग्यच केले: उपाशीपोटी १२६ च्या वर आणि दोन तासांनी २०० च्या वर असे दोन वेगळे पुरावे त्यांच्या हाती आहेत, जोडीला लक्षणेही आहेत.

एक प्रश्न मात्र तुम्हाला विचारतो. भाऊ वाहक आहे म्हणजे आई किंवा वडील यांच्यापैकी किमान एकजण वाहक असणार. तुमची तपासणी झाली आहे का?

संख्याशास्त्री (बोस्टन)

मी डॉक्टर नाही. रोगांच्या प्रसाराच्या अभ्यासात संख्याशास्त्राचे काम करते. ‘६.५ कोणाच्या रक्तावरून ठरले’ या वैदर्भीताईंच्या प्रश्नाला उत्तर द्यावेसे वाटते, कारण त्या आकड्यामागची रीत कळली की पुढचे बरेच उलगडते.

मधुमेहाची सीमारेषा साखरेच्या चढत्या रेषेवर कुठेतरी मनाने मारलेली खूण नाही. कोणत्या पातळीनंतर डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा झपाट्याने वाढू लागतात, ते पाहून ती ठरवली गेली. १९९७ साली अमेरिकन मधुमेह संघटनेच्या समितीने उपाशीपोटीच्या साखरेची रेषा १४० वरून १२६ वर आणली, तेव्हा तिच्यासमोर तीन ठिकाणची माहिती होती: ॲरिझोनातील पिमा आदिवासी, इजिप्तमधील लोक आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातील नागरिक. पुढे २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने निदानासाठी एचबीएवनसी ६.५ सुचवले, २०१० मध्ये अमेरिकन संघटनेने आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते स्वीकारले. त्याच वर्षी पाच देशांतील ४४ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासातही डोळ्यांच्या खुणांची रेषा याच आकड्याच्या आसपास आली. म्हणजे हा आकडा केवळ गोऱ्यांवरून घेतला असे म्हणता येत नाही. मात्र लोहाच्या कमतरतेने निम्म्याहून अधिक स्त्रिया ग्रासलेल्या आहेत अशी लोकसंख्या डोळ्यांसमोर ठेवून तो ठरला, असेही म्हणता येत नाही.

आता वंशांतील फरकाविषयी. अमेरिकेत मधुमेह टाळण्याचे उपाय तपासणाऱ्या एका मोठ्या प्रयोगात साखर सहन करण्याची शक्ती कमी झालेले हजारो लोक होते. त्यांची २००७ साली प्रसिद्ध झालेली माहिती असे दाखवते, की साखर व इतर घटक हिशेबात धरूनही कृष्णवर्णीयांचे एचबीएवनसी गौरवर्णीयांपेक्षा सुमारे ०.४ ने जास्त होते; आशियाई, हिस्पॅनिक आणि मूळनिवासी अमेरिकन लोक या दोहोंच्या मध्ये होते. तेव्हा काहींनी शंका घेतली, की दिवसभरात साखर केव्हा किती होती हे आपल्याला कुठे ठाऊक आहे? २०१७ मध्ये टाइप १ मधुमेहाच्या १०४ कृष्णवर्णीय आणि १०४ गौरवर्णीय रुग्णांना त्वचेखाली सतत साखर मोजणारी यंत्रे लावून पाहिले, तेव्हाही सरासरी साखर सारखी असताना तोच ०.४ चा फरक उरला.

इथपर्यंत वाचून कोणालाही वाटेल, की कृष्णवर्णीयांची रेषा वर सरकवावी. पण त्याच २०१७ साली दुसरी गोष्ट समोर आली. जी६पीडी या विकराच्या जनुकात एक बदल असतो. सुमारे ११ टक्के आफ्रिकन-अमेरिकन लोकांत तो आढळतो. ज्या पुरुषात तो असतो त्याचे एचबीएवनसी साखर न बदलता सुमारे ०.८ ने कमी येते, कारण त्याच्या तांबड्या पेशी लवकर संपतात. म्हणजे ज्या समूहाचा आकडा सरासरीने वर आहे, त्याच समूहात हजारो माणसे अशी आहेत की त्यांचा आकडा फसवा कमी आहे. रेषा वर सरकवली तर या माणसांचे निदान आणखी लांबेल. त्यातच अमेरिकेतील एका दीर्घ पाहणीत हृदय, मूत्रपिंड आणि डोळ्यांच्या पुढच्या आजारांशी एचबीएवनसीचा संबंध दोन्ही वंशांत जवळजवळ सारखा निघाला. म्हणूनच कोणत्याही मोठ्या संघटनेने वंशागणिक वेगळी रेषा ठरवलेली नाही, आणि माझ्या मते ते बरोबर आहे.

भारतातली उदाहरणे तर याहून बोलकी आहेत. चेन्नईच्या एका मोठ्या पाहणीत मधुमेह ओळखण्यासाठी सर्वांत उपयोगी रेषा ६.१ च्या जवळ निघाली; तिथे ६.५ वर थांबले तर माणसे निसटतात. पुण्यात के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने २०१२ मध्ये शंभराहून थोड्या अधिक तरुणांची माहिती प्रसिद्ध केली, तिथे याच्या उलट दिसले: ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीत मधुमेहपूर्व अवस्था सुमारे ८ टक्के तरुणांत होती, एचबीएवनसीवरून मात्र ती सुमारे २३ टक्क्यांत दिसली, आणि या तफावतीचा एक भाग ॲनिमिया व लोहाच्या कमतरतेने समजावता आला. एकाच देशातल्या या दोन निष्कर्षांवरून ‘भारतीयांची रेषा’ म्हणून कोणता आकडा काढणार?

वंशाचा उपयोग कुठे होतो, हेही सांगते. तपासणी कोणाची आणि कधी करायची, हे ठरवताना तो होतो. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापले गेले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांत चरबी अशी लपून असते. म्हणून अमेरिकेतही आशियाई वंशाच्या व्यक्तीची तपासणी निर्देशांक २५ ऐवजी २३ झाला की सुरू करावी असे सांगतात. इथल्या दक्षिण आशियाई लोकांच्या एका पाहणीत २३ टक्के व्यक्तींना मधुमेह निघाला, तर तुलनेच्या गौरवर्णीयांत तो ६ टक्के होता. तेव्हा लेस्टरच्या परिचारिकेने वैदर्भीताईंना लवकर तपासले, ते योग्यच झाले. आलेला आकडा वाचताना मात्र त्यांचा वंश विचारून भागत नाही. त्यांचे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन विचारावे लागते.

सातपुड्याकाठी (नंदुरबार)

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून समाधान वाटले. मी आदिवासी भागातल्या एका दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी आहे. आमच्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. मी त्याची दुसरी बाजू मांडतो.

भिल्ल आणि पावरा वस्तीत सिकलसेलचे वाहक पुष्कळ आहेत. ज्यांचा ‘एसएस पॅटर्न’ आहे, म्हणजे ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, त्यांच्या रक्तात नेहमीचे हिमोग्लोबिन ए जवळजवळ नसतेच. मग त्याला साखर किती चिकटली हे विचारण्यालाच अर्थ उरत नाही. तरी अशा रुग्णांचे एचबीएवनसीचे अहवाल, ‘सामान्य’ असा शेरा मारलेले, मी पाहिले आहेत. मागच्या पावसाळ्यात एक बाई डोंगरावरच्या पाड्यावरून आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद जपून काढला, त्यावर ४.९ लिहिले होते. ग्लुकोमीटरवर त्यांची साखर ३१० होती. तो कागद त्या वर्षभर ‘मला शुगर नाही’ याचा दाखला म्हणून सांभाळत होत्या. त्यांचे सिकलसेलचे कार्ड त्याच पिशवीत, त्याच कागदाला लागून होते.

पण साखर थेट मोजणे निर्दोष आहे असे समजू नये. आमच्याकडे लोक पहाटे घरून निघून चालत येतात, वाटेत भाकर खातात आणि अकराच्या सुमारास पोहोचतात. त्यांना ‘उपाशी आहात का’ विचारले तर संकोचाने ‘हो’ म्हणतात. दुसरी अडचण रक्त घेतल्यानंतरची. नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. नमुना तसाच राहिला, तर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर कमी होते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. सकाळी घेतलेले रक्त गाडीने तालुक्याला दुपारी पोहोचले, तर १३५ ची ११० होऊन बसते आणि माणूस निरोगी ठरतो. करड्या झाकणाच्या फ्लोराइडच्या नळीने ही घट पुढे थांबते, पण पहिल्या तास-दोन तासांत ती नळीही पुरेशी नसते. म्हणून आम्ही शक्य तेव्हा नमुना बर्फात ठेवतो आणि रक्तातला द्रव पेशींपासून तिथल्या तिथे वेगळा करतो. एचबीएवनसीला उपास लागत नाही, जांभळ्या झाकणाच्या नळीत नमुना टिकतो आणि ताणतणावाने आकडा हलत नाही. या तपासणीवर जगभर भरवसा बसला तो याच कारणांनी, हे मान्य करायलाच हवे.

२०२३ च्या जुलैपासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे आणि लाखो लोकांच्या हिमोग्लोबिनचा प्रकार नोंदवला जात आहे. दुसरीकडे मधुमेहाची शिबिरेही होतात. दोन्हींच्या नोंदवह्या वेगळ्या, टेबले वेगळी. शिबिरात एचबीएवनसीची नळी भरण्याआधी आशाताईने ‘सिकलसेलचे कार्ड आहे का’ एवढे विचारले, तरी माझ्या त्या बाईंचे वर्ष वाया गेले नसते.

मांडवीकाठ (फोंडा)

लहानशी भर घालतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचे सांगितले गेले आणि राज्यांत आमचा गोवा सर्वांत वर, २६.४ टक्क्यांवर निघाला. तेव्हा इकडे बरीच चर्चा झाली आणि ‘हे आकडे एचबीएवनसीमुळे फुगले असतील’ असेही काहीजण म्हणाले. म्हणून मी पद्धत वाचून पाहिली. त्या पाहणीत उपाशीपोटीची साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांची साखर मोजली होती. घरोघर जाऊन एक लाखाहून अधिक लोकांची अशी तपासणी होऊ शकली, तर ‘ग्लुकोज पाजून तपासणे फार किचकट आहे’ ही सबब एका रुग्णाच्या बाबतीत तरी चालू नये, असे मला वाटते.

वैदर्भी (लेस्टर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सूक्ष्मदर्शी सर, माझी सिकलसेलची तपासणी कधीच झाली नव्हती. माझे लग्न भावाच्या आधी झाले आणि आमच्या वेळी कोणी विचारले नाही. तुमचे उत्तर वाचून मी इथल्या डॉक्टरांकडे हिमोग्लोबिनचा प्रकार आणि फेरिटिन, दोन्ही मागितले आहेत. ग्लुकोज पाजून करायची तपासणीही त्या करायला तयार आहेत. त्यासाठी काय पथ्य पाळावे? दोन दिवस आधीपासून भात-पोळी बंद करावी, असे मैत्रीण म्हणते.

सूक्ष्मदर्शी (पुणे)

ताई, भात-पोळी मुळीच बंद करू नका. आधीचे तीन दिवस रोजचे जेवण घ्या आणि त्यात पिष्टमय पदार्थ निदान १५० ग्रॅम असू द्या. ते एकदम तोडले तर स्वादुपिंड आळसावते आणि दोन तासांची साखर फसवी वाढते. रात्रीच्या जेवणानंतर ८ ते १४ तास पाण्याखेरीज काही घेऊ नका. ग्लुकोज पाच मिनिटांत पिऊन संपवा. फार गोड लागते, चालत असेल तर त्यांना विचारून थोडे लिंबू पिळा. मधले दोन तास बसून राहा, फिरायला जाऊ नका. तुमच्याकडे तयार बाटली मिळेल. भावासारख्या इकडच्या मंडळींसाठी सांगतो: बाजारातल्या पुड्यातले ग्लुकोज बहुधा पाण्याचा अंश असलेले असते, त्यामुळे ७५ ग्रॅमच्या जागी ८२.५ ग्रॅम घ्यावे लागते. ही गोष्ट कित्येक ठिकाणी पाळली जात नाही.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर तीन महिने पूर्ण होण्याआधी एचबीएवनसी पुन्हा करू नका. सुरुवातीला कोवळ्या पेशींची भर पडून आकडा एकदम खाली येतो आणि तोही खरा नसतो.

भावाच्या पुढच्या देखरेखीबद्दलही लिहून ठेवतो. त्याने घरच्या ग्लुकोमीटरवरील उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेची वही ठेवावी. डॉक्टरांना योग्य वाटल्यास फ्रुक्टोसामीन ही तपासणी करता येईल. ती रक्तातील प्रथिनांना चिकटलेली साखर मोजते, मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते आणि तांबड्या पेशींवर अवलंबून नसते. एचबीएवनसी करायचेच असेल तर दर वेळी एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने करावे आणि त्याच्या आधीच्या आकड्याशी ताडून पाहावे. त्याच्यासाठी ‘७ च्या खाली म्हणजे उत्तम’ या सरधोपट नियमावर विसंबू नये.

वैदर्भी (लेस्टर)

पाच महिन्यांनी पुन्हा लिहिते आहे, कारण या चर्चेचा शेवट कळवणे माझे कर्तव्य आहे.

माझा हिमोग्लोबिनचा प्रकार ‘एए’ निघाला, म्हणजे मी वाहक नाही. फेरिटिन ७ होते. लोह घेतल्यावर आता हिमोग्लोबिन १२.४ आहे आणि चार महिन्यांनंतर केलेले एचबीएवनसी ४१, म्हणजे ५.९ टक्के आले. इथल्या नियमाने ते मर्यादेत बसते. अमेरिकेच्या नियमाने, जिथे ५.७ पासून मोजतात, मी अजूनही काठावरच आहे.

ग्लुकोजच्या तपासणीत उपाशीपोटी ५.१ आणि दोन तासांनी ८.२ आली. तिसऱ्या आठवड्यात ती झाली, तेव्हा लोह नुकतेच सुरू होते. ८.२ म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने १४८. १४० ते १९९ या टप्प्यात ती येते. म्हणजे माझा जुना आकडा लोहाच्या कमतरतेने फुगला होता हे खरे, आणि जेवणानंतरची साखर रेंगाळते हेही खरे. आहार-व्यायामाच्या वर्गातले माझे नाव मी तसेच ठेवले आहे. फरक एवढाच की आता तिथे मी कशासाठी जाते, हे मला ठाऊक आहे.

भावाने आलेख मागितला. प्रयोगशाळेतल्या मुलीने आधी ‘तो देत नसतात’ म्हटले, मग आतून छापून आणून दिला. दोन्ही डोंगर त्यात स्पष्ट दिसतात. त्याने त्याचा फोटो मला पाठवला आणि मूळ कागद सिकलसेलच्या कार्डासोबत एकाच फाइलमध्ये लावून ठेवला आहे.